चोविसावी खुंटी

"डॉक्टर, तुम्ही कधी कुणाच्या पोटात कात्री विसरलाय का?"

तपासणीच्या त्या छोट्याशा खोलीत मुंगीच्या तोंडातून प्रश्न निसटला. मोठे काका शर्ट वर करून पलंगावर आडवे होते, सर्जनबाईंची दोन बोटं त्यांच्या पोटावर उजव्या बाजूला टेकलेली होती. बाबा कोपऱ्यात उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मुंगीला कळलं की घरी गेल्यावर आपली काही धडगत नाही.

पण पैज म्हणजे पैज! शाळेत डबा खाताना शिडी आणि रेडिओ या दोन जिवलग मैत्रिणींनी ती लावली होती. शिडी उंच म्हणून शिडी आणि रेडिओ बंद होत नाही म्हणून रेडिओ. हरली तर आठवडाभर शिडीचं दप्तर उचलायचं, आणि शिडीच्या दप्तरात बहुतेक विटा असतात. शिवाय मुंगीला आता मुंगी म्हणतं कोण? फक्त घरचे. वर्षभरापूर्वीपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, म्हणून ती मुंगी. मग शाळेच्या नाटकात तिला झाडाचं काम मिळालं, म्हणजे हात पसरून उभं राहायचं आणि गप्प बसायचं, अगदी तिच्या स्वभावाला शोभेल असं. ऐन प्रयोगात राणी आपलं वाक्य विसरली, सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले आणि झाडानं ते वाक्य खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. त्या दिवसापासून शाळेत तिचं नाव तोफ.

सर्जनबाईंनी पोटावरचा हात काढला नाही. चष्म्यावरून मुंगीकडे बघत म्हणाल्या, "नाही बाई. का? तुझी हरवलीय?"

काकांच्या पोटाला हसण्याचे हिसके बसले. "डॉक्टर, ही आमची पुतणी. आधी बोलत नव्हती म्हणून काळजी होती, आता बोलते म्हणून आहे."

"प्रश्न चांगला आहे की," बाई म्हणाल्या. "पोट उघडायच्या आधी आम्ही सगळं मोजतो. कात्र्या, चिमटे, कापसाच्या घड्या. शिवायच्या आधी परत मोजतो. एक घडी जरी कमी आली तरी सापडेपर्यंत पोट बंद होत नाही."

"आमच्याकडं तेच!" काका खूष झाले. "वेताच्या खुर्च्या विणतो आम्ही. खुर्चीच्या कडेला भोकं असतात, त्यातून वेताची पट्टी ओवायची, ताणायची आणि सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची. काडेपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड. चोवीस खुंट्या आहेत, वडिलांच्या वेळेपासून. दुकान बंद करताना डबीत चोवीस म्हणजे चोवीस."

"आणि दिवसभर त्या ह्याच्या तोंडात," बाबा कोपऱ्यातून म्हणाले. "खिसा आहे, डबी आहे, पण नाही. सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले."

"दोन्ही हात वेतात गुंतलेले असतात रे. तिसरा हात कुठून आणू?"

हे भांडण मुंगीच्या जन्माआधीपासून चालू होतं. सर्जनबाईंनी ते मध्येच तोडलं. "बरं, आठवून सांगा. पूर्वी पोटाचं ऑपरेशन? दाढ वगैरे काढली? चुकून काही गिळलं होतं का कधी, हाड, काटा, असलं काही?"

काकांनी एकदा बाबांकडे बघितलं. एकदाच, ओझरतं. "छे हो. गिळले ते अपमान. तेही मोजकेच."

सगळे हसले. बाईंनी हसत हसत कागदावर "नाही" असं लिहिलं.

गाठ होती. तेवढं फोटोत स्पष्ट दिसत होतं. मोसंबीएवढी, आतड्याला चिकटलेली. कसली, ते उघडल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. त्या आठवड्यात घरात एक शब्द सोडून बाकी सगळं बोललं गेलं. आई त्याला "ते" म्हणायची. "ते नसलं म्हणजे मिळवली," असं ती भांडी घासताना भांड्यांना सांगायची. काका मात्र नेहमीसारखे. इस्पितळात जायच्या दिवशी सकाळीसुद्धा अर्ध्या विणलेल्या खुर्चीला म्हणाले, "येतो गं. कुणाला बसू देऊ नकोस."

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. बाहेरच्या बाकावर बाबांनी वर्तमानपत्राचं एकच पान साडेतीन तास वाचलं. मुंगीनं छताच्या फरशा मोजल्या, एकशे बारा. मग दार उघडलं आणि सर्जनबाई डोक्यावरची टोपी काढत बाहेर आल्या.

"माणूस ठणठणीत आहे," त्यांनी आधी ते सांगितलं. "गाठ दगडासारखी कडक निघाली. बरीचशी काढली, पण थोडा भाग पोटाच्या मागच्या भिंतीला असा चिकटलाय की तो मी ठेवला. आणि एक गंमत दिसली. गाठ कापली तर आतून पू आला, आणि त्या पुवात पिवळे कण. बारीक वाळूसारखे."

"म्हणजे ते..." आई म्हणाली.

"त्यात असे कण सहसा नसतात. एक जंतू आहे, पोटात फार क्वचित सापडतो, तो असे कण करतो. गाठही अशी बनवतो की बघणाऱ्याला वाटावं, हा कॅन्सरच." तो शब्द बाईंनी असा म्हटला, जसा कुणी "कपाट" म्हणावा. "माझ्या इतक्या वर्षांत मी तो पोटात एकदाच पाहिलाय. तोच असेल तर उत्तम. औषधानं जातो, उरलेली गाठही विरघळते. पण मला तसं वाटणं वेगळं आणि तपासणीत दिसणं वेगळं. गाठ लॅबमध्ये गेलीय. वाट बघू."

वाट बघितली. पाचव्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला, आणि तो धड हो नव्हता की धड नाही. गाठीच्या ज्या तुकड्यांची तपासणी झाली त्यात नुसती सूज होती. कॅन्सर दिसला नव्हता, पण जंतूही दिसला नव्हता. पू काचेच्या बशीत घालून ठेवला होता, त्यात काही उगवलं नव्हतं.

"जंतू नसेल तर मला मागे ठेवलेल्या भागावर विश्वास ठेवता येणार नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "पुन्हा उघडावं लागेल. आणि ते ऑपरेशन मोठं असेल. आतड्याचा बराच भाग जाईल."

काकांनी त्यावर विनोद केला नाही. मुंगीला खरी भीती वाटली ती तेव्हा.

दुपारी बाबा तिला घेऊन दुकानात आले. कामात जीव रमेल म्हणून आले होते, पण रमत नव्हता. त्यांनी अर्ध्या खुर्चीच्या खुंट्या काढून डबीत टाकल्या. "मोज गं," म्हणाले, आणि वेत भिजवायच्या टाकीकडे पाठ करून नुसतेच उभे राहिले.

मुंगीनं डबी पाटावर उपडी केली. एक, दोन, तीन. चोवीस. बरोबर.

ती परत भरायला लागली आणि एक खुंटी बोटांना वेगळी लागली. बाकीच्या तेवीस काळपट, गुळगुळीत, प्रत्येकीच्या टोकाला काकांच्या दातांच्या खुणा, अर्ध्या तर आजोबांच्या दातांच्या. ही मात्र फिकट. हलकी. तिच्या अंगावर चाकूनं तासल्याच्या पट्ट्या अजून दिसत होत्या, आणि दातांच्या खुणा अगदी जेमतेम. लाकूडसुद्धा ते नव्हतं, बांबू होता.

आकडा बरोबर होता. खुंटी बरोबर नव्हती.

मग जुनी चोविसावी गेली कुठं? मुंगीला सर्जनबाईंचा गिळण्याचा प्रश्न आठवला. बाबांना म्हणाली, "मी काकांना भेटून येते," आणि खुंटी मुठीत धरून सुटली. इस्पितळ दोन गल्ल्या पलीकडं होतं. तिला त्या अर्ध्या वाटल्या.

काका उशीला टेकून छताकडे बघत होते. तिनं खुंटी त्यांच्या पांघरुणावर ठेवली.

काकांनी ती बघितली. मग दाराकडे बघितलं. "बाबा आलाय का?"

"नाही."

"दार लोट."

तिनं लोटलं. "तुम्ही खुंटी गिळलीत!"

"हळू बोल, तोफे! अख्ख्या वॉर्डाला कळेल." त्यांनी खुंटी उचलून बोटांत फिरवली. "दोन वर्षं झाली. तो गृहस्थ आठवतो? खुर्ची घेऊन आला होता, बसायची जागा पार फाटलेली, आणि म्हणत होता, पंधरा वर्षं बसतोय मी हिच्यावर, कधी कुरकुर केली नाही हिनं."

मुंगीला आठवलं. आणि तिचे कान तापले.

"तू कोपऱ्यात बसली होतीस. बारा वर्षांची. गिऱ्हाईक आलं की टेबलाखाली जाणारी पोर. आणि तू म्हणालीस, 'तिला बोलायला संधी दिलीत कुठं? सारखे तोंडावरच बसलेले!' " काका हसायला गेले आणि टाके धरून कळवळले. "अगं, माझ्या तोंडात सहा खुंट्या होत्या. हसलो. थुंकल्या त्या पाच भरल्या."

"म्हणजे माझ्यामुळं?"

"चल! आयुष्यातला पहिला विनोद केलास, तो मी अख्खा गिळला. याहून मोठी दाद कोण देणार तुला?"

"आणि बाबांना?"

"त्याला सांगू? तेवीस वर्षं तो ओरडतोय, एक दिवस गिळशील म्हणून. त्याचं खरं ठरलं असतं तर पुढची तेवीस वर्षं मला जगू दिलं नसतं. त्याच दिवशी दुसरी तासून ठेवली डबीत. चोवीस ते चोवीस."

"डॉक्टरांनी विचारलं होतं काका! तुम्ही अपमान गिळले म्हणालात!"

"बाबा समोर उभा होता ना गं. आणि ती गेली असेल केव्हाच खालच्या वाटेनं. लाकडाच्या एवढ्याशा काडीनं कुठं गाठ होते?" त्यांनी तिचा हात धरला. "माझी शपथ आहे. बाबाला सांगायचं नाही."

मुंगी बाहेर आली ती डोक्यात मधमाश्या घेऊन. काडीनं गाठ होते की नाही, हे तिला माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं. पण या इमारतीत कुणाला तरी माहीत असणारच. आणि शपथ होती बाबांना न सांगण्याची. बाकी जग मोकळं होतं!

लॅब तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला. दारावर पाटी: आत येऊ नये. आज पैज लावायला शिडी नव्हती, रेडिओ नव्हती. गेल्या वर्षी विज्ञानाच्या तासाला कापलेलं गांडूळ बघून ही मुलगी आडवी झाली होती, आणि शाळेच्या शिपाईमावशींनी तिला उचलून बाकावर निजवलं होतं. पाटी तिनं दोनदा वाचली. मग दार ढकललं.

आत पांढऱ्या कोटातल्या एक बाई उभ्या होत्या. वयस्कर, बुटक्या, केसांत पेन खोचलेलं. त्यांच्या हातात झाकणाच्या चपट्या काचेच्या बश्यांची चळत होती आणि पायाशी लाल पिशवी लावलेली बादली. वरची बशी बादलीच्या तोंडाशी पोचली होती.

"पाटी वाचता येते ना?" बाईंनी विचारलं.

"दोनदा वाचली. एकच विचारते. तोंडात धरलेली लाकडी खुंटी गिळली, तर दोन वर्षांनी पोटात गाठ होऊ शकते का?"

बाईंचा हात हवेत थांबला.

"कुणाच्या तोंडात?"

"ते नाही सांगता येत. शपथ आहे."

बाईंनी हातातल्या बशीवरची चिठ्ठी वाचली. मुंगीकडे बघितलं. पुन्हा चिठ्ठी वाचली. "पुरुष, बावन्न वर्षं, पोटातली गाठ, व्यवसाय खुर्च्या विणणे. तू काही सांगू नकोस, शपथ मोडायला नको. मी बोलते, तू फक्त उभी राहा." त्यांनी बशी बादलीपासून लांब, टेबलावर अलगद ठेवली. "तुझ्या तोंडात, माझ्या तोंडात, हिरड्यांच्या फटीत एक जंतू राहतो. गरीब बिचारा. हवा फार वेळ लागली की मरतो. तिथं असतो तोवर कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण लाकडाच्या काडीवर बसून तो पोटात गेला, आणि काडीचं टोक आतड्यात रुतलं, तर तो आतड्याच्या भिंतीपलीकडं पोचतो. तिथं हवा नाही, त्रास द्यायला कुणी नाही. मग तो घर बांधतो. सावकाश. दोन वर्षं त्याला काहीच नाहीत."

"पण बशीत तर काही उगवलं नाही!"

"कारण तो भयंकर आळशी आहे. बाकीचे जंतू एका दिवसात उगवतात, ह्याला दहा-बारा दिवस लागतात, तेही हवाबंद डब्यात ठेवलं तर. आम्ही पाच दिवस बघतो आणि टाकून देतो. जागा नसते, दुसऱ्या बश्या रांगेत असतात." त्यांनी बशी पुन्हा हवाबंद डब्यात ठेवली, झाकणाचा स्क्रू घट्ट पिळला आणि वर जाड अक्षरात लिहिलं: हात लावू नये. "आता हिला मुक्काम वाढवून दिला. आणि गाठीचा जो भाग बरणीत शिल्लक आहे, तो पुन्हा कापायला सांगते. काय शोधायचं हे माहीत असलं की डोळ्यांना दिसतं."

मग बाईंनी फोन उचलून सर्जनबाईंना लावला.

तासाभरात काकांच्या पलंगाभोवती दरबार भरला. सर्जनबाई, आई, आणि नेमके दुकान बंद करून आलेले बाबा.

"मी परत एकदा विचारते," सर्जनबाई म्हणाल्या. "अपमान सोडून काय काय गिळलंत?"

काकांनी मुंगीकडे बघितलं. तिनं दोन्ही हात वर केले. "मी कुणाचंही नाव घेतलं नाही!"

काकांनी पांघरुणाखालून ती फिकट खुंटी काढून भावासमोर धरली. बाबांनी ती घेतली. उलटसुलट केली. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही, हातातल्या वेतासारखं ओळखत होते ते भावाला.

"दोन वर्षं," बाबा म्हणाले. "दोन वर्षं मी चोवीस मोजतोय. आणि तू?"

"तू ओरडशील म्हणून..."

"ओरडलो असतो! अरे ओरडून थकलो असतो आणि मग डॉक्टरकडं नेलं असतं तुला, गाढवा!" बाबांचा आवाज फाटला. मग त्यांना काय झालं कोण जाणे, ते मटकन पलंगाच्या कडेला बसले आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "गिळली! खरंच गिळली यानं!"

"हसवू नकोस रे! टाके! टाके तुटतील!" काका पोट धरून विव्हळत होते आणि हसत होते, सर्जनबाई "हळू, हळू" करत होत्या आणि आई पदरानं नाक पुसत म्हणत होती, "भाऊजी, तुमच्यापुढं हात टेकले मी."

सापडली. बरणीतल्या गाठीच्या अगदी पोटात, नखाएवढा काळा तुकडा. लाकूड. आणि त्याच्या भोवतीनं जंतूंची वस्ती. आधी तपासलेले तुकडे त्याच्या दोन्ही बाजूंनी निसटून गेले होते. पुन्हा पोट उघडायची भाषा तिथंच संपली.

बाराव्या दिवशी शाळा सुटल्यावर लॅबच्या बाईंनी मुंगीला बोलावून घेतलं. यावेळी दार आतून उघडलं. बशीत पांढरे ठिपके उगवले होते, खडबडीत, मधे खळगा असलेले. "नीट बघ, दाढेसारखे दिसतात की नाही? तोंडातून आलेत, खूण विसरले नाहीत." मग त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी उभं केलं. आधी नुसतं धुकं. बाईंनी चाक जरासं फिरवलं आणि एकदम जांभळे धागे! बारीक, फांद्या फुटलेले, एकमेकांत अडकलेले, जसं कुणी भिजवलेल्या वेताच्या पट्ट्यांचा गुंता जमिनीवर फेकून गेलंय. मुंगी इतका वेळ बघत राहिली की बाईंना खाकरावं लागलं. चक्कर वगैरे काही आली नाही. ते घरी जाताना तिच्या लक्षात आलं.

काकांना महिनाभर सुया आणि नंतर जवळजवळ वर्षभर गोळ्या. तीन आठवड्यांनी ते दुकानात हजर. बाबांनी त्यांच्यासाठी जाड कापडाचा एप्रन शिवून घेतला होता, छातीवर चोवीस बारीक कप्पे. काकांनी तो घातला, आरशात बघितलं आणि "मी आता खुर्च्या विणू की गोळीबार करू?" असं विचारलं. पण घातला. तोंड मोकळं झाल्यामुळे ते आता दिवसभर बोलतात, आणि बाबा म्हणतात, खुंट्याच बऱ्या होत्या.

त्या रविवारी जेवणानंतर आईनं भिंतीवरचा शाळेचा कागद काढला. पुढच्या वर्षी कोणते विषय घेणार, ते उद्या द्यायचं होतं. आईनं महिन्यापूर्वीच पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: भाषा आणि इतिहास. गांडुळाची गोष्ट ती विसरली नव्हती.

"अगं, हे खोडलं कुणी?"

"मी," मुंगी म्हणाली. ती उठून उभी राहिली, का ते तिलाही माहीत नव्हतं. झाड झाली होती तेव्हा उभी होती तशीच, फक्त हात पसरले नाहीत. "आई, बाबा, मी ठरवलंय. मी जीवशास्त्र घेणार."

बाबांचा हात पाण्याच्या ग्लासावर थांबला. भिंतीला टेकलेले काका एकदम ताठ झाले.

"सर्जन व्हायचंय तुला?" आईनं विचारलं. "रक्त बघून अजून तुला..."

"सर्जन नाही गं. कात्री मी नक्की विसरेन कुणाच्यातरी पोटात." मुंगी म्हणाली. "बशी बादलीत टाकायच्या आधी जी आणखी सात दिवस थांबते ना, मी ती होणार आहे."